धरणाकाठची सकाळ
ओल्या ताडपत्रीचा वास आला की शहापूरजवळच्या धरणाकाठी तंबूत केलेला मुक्काम आठवतो. सकाळी शेजारच्या तंबूतला तरुण पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. गावातली माणसं होडी घेऊन शोधत राहिली. त्याची बायको टॉवेल हातात धरून काठावर उभी होती. तिथं स्वयंपाकाला येणारी बाई तिला म्हणाली, “बस गो बाय, पायांत तरान नाय तुज्या.” “त्याला थंडी वाजेल,” एवढंच ती म्हणत होती. दुपारी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तिने कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. त्याचे केस, कान, एकेक बोट पुसत बसली. अजूनही माझा नवरा पाण्यात उतरला की मी काठावरून त्याच्याशी काहीबाही बोलत राहते, त्याने उत्तर देत राहावं म्हणून.