मऊ मुगाचा घास

धायरीच्या मंडईत मोड आलेली कडधान्यं विकणाऱ्या एक मावशी बसतात. बोलता बोलता मटकी वरखाली करत राहायची त्यांची सवय. माझी लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. आमच्या घरी अंडंही चालत नाही आणि वरणाचा प्रत्येक घास ती थुंकायची. मी रडकुंडीला येऊन मावशींनाच विचारलं, "हिला प्रोटीन द्यायचं तरी कशातून?"

त्या हसल्या. "मूग मऊ शिजवा, घोटून भातात कालवा. अन् आधी तुमी खाऊन दावा. आईचं तोंड बघून लेकरू जेवतंय."

त्या संध्याकाळी मी लेकीसमोर मिटक्या मारत जेवले. तिने टक लावून पाहिलं आणि माझी वाटीच ओढली. मग रोज आम्हा दोघींचा मूगभात ठरलेला.

महिन्याभराने तिला कडेवर घेऊन मंडईत गेले. मावशींनी तिचे गाल कुरवाळले, मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी बी अंगानं भरलात की!"