हात मशीनमध्येच गेला

वालूरहून निघाले तेव्हा सेलूच्या स्टेशनवर आप्पा गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. "करमलं न्हाई तर वापस ये, लाजू नको," एवढंच म्हणाले. मी हसले. आयटीआय झालेली, पुण्याकडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम लागलेलं; मला कशाला करमणार नाही!

करमलंही. परभणीची सलमा माझी रूममेट, कामालाही शेजारच्याच मशीनवर. मग एका दुपारी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बिघडला होता; काम अडू नये म्हणून ठेकेदारानं तो बंदच करून ठेवलेला.

दवाखान्यात नेताना रिक्षात तो सारखा सांगत होता, "घरी मिक्सरमध्ये हात गेला म्हण. खर्च मी करतो, नोकरीही राहील." डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "कारखान्यातल्या मशीनमध्ये गेला."

त्यानंतर ठेकेदार मला ओळखेना. ही पोरगी आमच्याकडं कामाला नव्हतीच, म्हणाला. मी भरपाईचा दावा लावला. आई फोनवर रडायची. "दे सोडून. गावात लोक लय बोलायलेत. लगीन कसं व्हायचं तुझं?" मला गावी जाववेना, रूमवर बसवेना. मी उगाच रस्त्यानं चालत सुटायचे.

साक्षीला कुणी तयार होईना. सलमा आली. कामगार न्यायालयात ठेकेदारासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, ही माझ्या बाजूलाच व्हती. मशीन मीच बंद केली, हात मीच काढला." लगोलग तिची नोकरी गेली. पुढं निकाल माझ्या बाजूनं लागला, भरपाई मिळाली. तिच्या नोकरीची भरपाई कुणी दिली नाही.

आता आम्ही दोघी दुसऱ्या कारखान्यात आहोत. सणाला वालूरला जाते. कळशीला हात लावायच्या आत वहिनी धावते, "ऱ्हाऊ द्या वन्सं, मी हाय की." आप्पा तर भाकरीसुद्धा मोडून देतात. माया आहे, कळतं. पण जीव घुसमटतो आणि मी परतीची गाडी बघायला लागते. पुण्यात उतरले की पुन्हा वालूरची सय. गावाकडच्यांनो, रागावू नका. बाहेर पडलेल्यांना हे सांगायला नको.

मागच्या खेपेला रूमवर पोचले. चप्पल काढतेय तोवर सलमानं पिठाची परात माझ्यापुढं सरकवली.

"लय भूक लागलीय. मळ लवकर."

मी बाह्या वर केल्या. घरी आल्यासारखं वाटलं ते तेव्हा.