पुन्यांदा वाचा, भाऊ

"पुन्यांदा वाचा, भाऊ." अर्ज वाचून संपला की त्या बाई पेनाचे टोपण परत बसवीत आणि एवढेच म्हणत. दुसरे वाचन पूर्ण होईपर्यंत सही नाही.

पाथर्डीला कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून माझे टेबल आहे. लिहिलेला अर्ज अर्जदारास एकदा वाचून दाखवावा हा आमच्या व्यवसायाचा दंडक असून तो मी कसोशीने पाळतो. परंतु दुसरे वाचन मागणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. आपणांपैकी ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत, त्यांनी पाहिलेच असेल की माणसे निम्म्यातच अंगठा पुढे करतात. प्रारंभी मला तो माझ्या लेखणीवरील अविश्वास वाटला, आणि मी तो मनास लावून घेतला.

बाई चाळिशीच्या. दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीस जात आणि उन्हाळ्यात परतत. नववीत असताना आईने त्यांना शाळेतून काढून फडावर नेले होते, ही गोष्ट त्या कोणत्याही अर्जाच्या निमित्ताने एकदा तरी काढीत. सही मात्र वळणदार, संपूर्ण नावाची.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्या जे काम घेऊन आल्या, ते साधे नव्हते. शिधापत्रिकेतून आईचे नाव कमी करावयाचे होते. म्हातारी राहत होती त्यांच्याकडेच. भाऊ नगरला, सावेडीत फ्लॅटमध्ये. आईला नेण्याचे त्याने कधी नाव काढले नव्हते. 'आता त्याच्याकडं जाऊ द्या तिला, म्या लई केलं,' असे बाईंचे म्हणणे. अशा अर्जात घालावयाचे ठरलेले वाक्य मी शेवटी घातले: 'सदर वृद्धा माझ्या कुटुंबात राहत नसून तिच्या पालनपोषणाशी माझा काहीएक संबंध नाही.' एकदा वाचले. दुसऱ्यांदा वाचणार, तोच बाईंची नजर माझे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या पुस्तकावर गेली.

ती रद्दीतून आलेली, मुखपृष्ठ गमावलेली कादंबरी होती. बाईंनी पहिलेच पान पाहून ओळखली. "ही आमाला नववीला व्हती. पोरीचं दप्तर आई चुलीत घालती, तितवर वाचली. दुसऱ्या दिवशी आमचा ट्रक निघाला."

मी त्यांना सांगितले की ती मलाही नेमलेली होती, आणि 'आईच्या क्रूर स्वभावाचे वर्णन करा' या प्रश्नास मला दहापैकी आठ गुण पडले होते. सदर आई ही पाषाणहृदयी स्त्री होय, असा माझा अभिप्रायही मी त्यांस दिला.

"तुमी पुस्तक वाचलं व्हतं का गाईड?" बाईंनी विचारले.

मी शाईचा पॅड नीट ठेवू लागलो. बाई पुस्तक मागून घेऊन गेल्या. अर्ज सहीविना माझ्याकडेच राहिला.

पंधरवड्याने त्या आल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी ते प्रकरण माझ्यापुढे उघडले. "दप्तर जाळलं त्या दिवसाचं पुन्यांदा वाचलं. ती सासूला वाढती, नवऱ्याला वाढती, पोरांना वाढती. सोता कुठं जेवती, दावा बरं."

मी पाने चाळली. प्रकरण मोठे होते. त्यात कोठेही ती जेवत नव्हती. मागच्या प्रकरणातही नाही.

"तुमच्या गाईडात न्हवतं का हे?"

परीक्षेत ते विचारत नाहीत, असे मी म्हणालो. माझ्या इतक्या वर्षांच्या लेखनात एवढे लंगडे उत्तर मी दिलेले नाही.

"दप्तर जाळलं ते वाईटच," बाई म्हणाल्या. "त्ये मला आजबी पटत न्हाई. पर फडावर पाचटाच्या कोपीत माय आमाला वाढायची आन भाकरीचं टोपलं पालथं घालायची. मला वाटायचं, हिचं आदीच झालं आसंल."

मग मी कर्तव्य म्हणून अर्ज पुढे केला. त्यांनी पेन घेतले, परंतु टोपण काढले नाही. "ऱ्हाऊ द्या. शेवटचं वाक्य खोटं हाय त्यातलं." कादंबरीचा शेवट मात्र वाचावयाचा राहिला होता, म्हणून पुस्तक त्या पुन्हा घेऊन गेल्या.

दिवाळी झाली, आणि त्या फडावर गेल्या.

थंडीत एके दिवशी एक म्हातारी कापडात गुंडाळलेले ते पुस्तक घेऊन टेबलाशी आली. हयातीच्या दाखल्यासाठी अर्ज हवा होता. लेकीने पुस्तक पोहोचवावयास सांगितले होते.

"बाबा, ह्यात काय लिवलंय?" तिने विचारले. "लेक रोज वाचायची. आन जाईपातूर माझं ताट आदी वाढायची. म्होरं बसायची, जेवण व्हईस्तोवर मला उठूच देत न्हवती. ह्यात लिवलंय का तसं?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "तसे त्यात लिहिलेले नाही."

मी तिचा अर्ज लिहिला आणि वाचून दाखविला. म्हातारीने अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड मागे ओढला.

"थांबा, मावशी. पुन्हा एकदा वाचतो."