रेकॉर्डमधलं हसू

पुठ्ठ्याच्या जुन्या कव्हरचा दमट वास आला की मला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या चर्चमधला जुन्या वस्तूंचा तो सेल आठवतो. कृष्णवर्णीय कवींनी ढोलाच्या साथीने म्हटलेल्या कवितांच्या जुन्या रेकॉर्ड्स मी तेव्हा नुकत्याच जमवू लागलो होतो, आणि कितीतरी महिने जिच्या मागे होतो तीच रेकॉर्ड तिथल्या खोक्यात सापडली! मी ती पटकन उचलली. "अरे, मीही तीच शोधतेय," शेजारच्या वयस्क कृष्णवर्णीय काकू म्हणाल्या. माझा चेहरा पडलेला पाहून त्या हसल्या, "आधी ऐकूया तरी." कोपऱ्यातल्या प्लेअरवर आम्ही ती लावली. भरलेल्या सभागृहातला कार्यक्रम होता तो. कवीचा खणखणीत आवाज, घुमणारा ढोल, आणि मध्येच प्रेक्षकांतून एका लहान मुलीचं खळखळून हसणं! काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "ती मी! या रेकॉर्डमध्ये माझं हसू आहे यावर नातवंडांचा विश्वासच बसत नाही!" मी सुई मागे घेतली, पुन्हा लावली, त्यांनी तेवढा तुकडा फोनमध्ये टिपला आणि रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. "माझं काम झालं. ही तू ने, चार लोकांना ऐकव." आता घरी मित्र जमले की मी ती लावतो आणि सगळ्यांना गप्प करतो, "थांबा यार, आता काकू हसतील!"