गच्चीवरचे जावई आणि माझं अर्धं वाक्य

आमच्या घरी टीव्ही अगदी स्वच्छ दिसतो. फक्त त्यासाठी गच्चीवर एक वकील उभा करावा लागतो.

मुलांनो, तुमच्या बाबांनी हे प्रकरण तुम्हाला सांगितलं आहे असं कळलं. त्यांनी ते हसत हसत सांगितलं, म्हणजे त्यातला निम्मा भाग हसण्यात गेला असणार. मी आयुष्यभर अमरावतीच्या मुलींना इंग्रजी शिकवलं आणि कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगावी हेच त्यांना बजावलं. तेव्हा सुरुवातीपासून सांगते. हसायचं असेल तर शेवटी हसा. मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या मंजूआत्याच्या सासूबाई अकोल्याला असतात. त्या माझ्या विहीणबाई. आपल्या वऱ्हाडात म्हणतात ईनबाई. मंजूचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि माझ्यादेखत माझ्या बहिणीला विचारलं, "इंग्रजी शिकवते म्हन्ते. मंग यायच्या घरी कुरोड्या कोन करते?"

कुरडया मीच करते. गहू भिजवते, वाटते, चीक काढते, शिजवते, सोऱ्यातून पाडते, सगळं अगदी क्रमाने. तळल्या की फुलतातही. पण रंग असा येतो की पाहुणे विचारतात, "नाचणीच्या का?" ईनबाईंच्या कुरडया मात्र मोगऱ्यासारख्या पांढऱ्या. दर उन्हाळ्यात अकोल्याहून एक डबा येतो आणि इथून एक जातो. त्यांचा डबा उघडला की मला दरवेळी कळतं, बाईच्या हाताला तोड नाही. हे त्यांना एकदा सांगावं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पण त्या समोर आल्या की तोंडातून "बऱ्या झाल्यात यंदा," एवढंच निघायचं. त्यावर त्या म्हणायच्या, "तुमच्याबी बऱ्या हायेत." आणि आम्ही दोघी चहा प्यायचो.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला सरकारी प्रादेशिक वाहिनीची माणसं वाळवणाच्या कार्यक्रमासाठी आमच्या कॉलनीत आली. कुणीतरी माझं नाव सुचवलं. (बहुधा मीच.) मी स्टार्चची साडी नेसून सोऱ्या हातात घेऊन बसले आणि अस्खलित बोलले. बोलता बोलता, समोर ईनबाई नसल्यामुळे असेल, ते वाक्य सुटलं! मी म्हटलं, "आमच्या अकोल्याच्या विहीणबाईंच्या कुरडया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे माझ्या म्हणजे नुसता पसारा."

मनावरचं ओझं उतरलं. आता एकच करायचं होतं: ईनबाईंना ते वाक्य टीव्हीवर, माझ्या तोंडून, चार माणसांत ऐकवायचं. मला बोलावं लागणार नव्हतं. नुसतं शेजारी बसायचं होतं.

योगही असा की कार्यक्रमाचा दिवस अधिक महिन्यातला. अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं असतं हे तुम्हाला तिकडे कोण सांगणार? पुरणाचे धोंडे, तांब्याच्या तबकात अनारसे, त्यावर दिवा. सासूने जावयाला ओवाळायचं, त्याने जेवायचं, आणि तो जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. मी श्रीधररावांना, म्हणजे तुमच्या आत्याच्या यजमानांना, त्याच दिवशी बोलावलं. ईनबाईंना आग्रहाने बोलावलं. कार्यक्रमाची वेळ दुपारची, जेवणाचीही दुपारची. व्यवस्था म्हणतात ती ही.

आदल्या संध्याकाळी वावधन, म्हणजे वादळ, सुटलं. आमची डिश गच्चीवरून उडाली आणि शेजाऱ्यांच्या टाकीवर पालथी पडली. इंटरनेटची तार कडुनिंबाच्या फांदीखाली आली. मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. (तुम्ही म्हणणार, "आजी, फोनवर का नाही पाहिलं?" म्हणून आधीच सांगितलं.) दुरुस्तीवाल्याने सांगितलं, अर्ध्या अमरावतीच्या डिश पडल्यात, बाई, रांगेत या.

मी कपाळाला हात लावला. तुमचे आजोबा मात्र खुलले. जुनी अँटेना मी कितीदा भंगारात द्यायला निघाले होते आणि दरवेळी त्यांनी ती वाचवली होती. आता त्यांनी मला समजावलं की सरकारी टॉवरवरून हल्ली डिजिटल प्रसारण होतं, ते हवेतून येतं, आपल्या नव्या टीव्हीत ते पकडायची सोय आहे, आणि टॉवर तर गच्चीवरून डोळ्यांना दिसतो. डिशवाल्याची मिजास कशाला सहन करायची?

पूर्वीच्या अँटेनाची एक माणुसकी होती. काठी थोडी चुकली तर चित्रात मुंग्या यायच्या, बातम्या देणारीला दोन नाकं दिसायची, पण ती बोलायची. डिजिटलला ही माणुसकी नाही. दिसलं तर नाकावरचा तीळ दिसतो, नाहीतर निळा पडदा आणि त्यावर "सिग्नल नाही". आजोबा गणिताचे मास्तर, त्यांना हे फार आवडलं. म्हणाले, "यात अर्धवट काही नसतं. एक, नाहीतर शून्य."

"मग आत्ता काय आहे?" मी विचारलं.

"तूर्त शून्य."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हाही शून्यच होतं. आजोबा गच्चीवर काठी फिरवत होते, मंजू जिन्यात उभी राहून निरोप पोचवत होती, मी टीव्हीपुढे. ईनबाई सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी निळा पडदा नीट न्याहाळला. मग म्हणाल्या, "रंग चांगला हाये."

श्रीधरराव तुम्हाला माहीत आहेत. अकोल्याच्या कोर्टातले नावाजलेले वकील, उंचीला सहा फूट, रुंदीला त्याहून थोडे कमी, आणि स्वभावाने इतके मर्यादाशील की सासऱ्यांना उन्हात ठेवून पाटावर बसेनात. गंध लावलेलं, अंगावर जरीकाठी उपरणं, तसेच ते त्यांना जेवायला बोलवायला वर गेले. आजोबांना घाम पुसायचा होता म्हणून जावयांनी दोन मिनिटं काठी धरली.

आणि टीव्ही लागला! चित्र असं लख्ख की डिशवर कधी पाहिलं नव्हतं. मी खालून ओरडले, "आलं, आलं!" श्रीधररावांनी आनंदाने काठी आजोबांच्या हाती दिली. गेलं. परत धरली. आलं.

यानंतर जे झालं त्याला आजोबा प्रयोग म्हणतात. त्यांनी श्रीधररावांच्या जागी उभं राहून पाहिलं, शून्य. मंजूला उभं केलं, शून्य. जरीमुळे होत असेल म्हणून उपरणं काठीला गुंडाळून पाहिलं, शून्य. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की जावयांचा देहच लहरींना मानवतो. इकडे कार्यक्रमाची वेळ झाली होती.

श्रीधरराव वरूनच मला म्हणाले, "आई, माझी हरकत नाही. कार्यक्रम होईपर्यंत उभा राहतो."

त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या आईची होती. मुलगा खाली का येत नाही हे कळताच त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. ऊन असं की गच्चीवर पापड भाजला असता.

"ईनबाई," त्या मला म्हणाल्या, "माहा पोरगा धोंड्याचं जेवाले आला का खांब व्हाले?"

मी म्हटलं, थोडाच वेळ. कार्यक्रमात तुमच्यासाठी काहीतरी आहे.

"माह्यासाठी? मले काय टीव्हीतून जेवाले वाढनार हायेत?" मग त्यांनी निकाल दिला. "उभा राहू द्या. पन मान तिथंच झाला पाह्यजे. ओवाळा वरतं नेऊन."

आता पाहा माझी गत. ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वाक्य टीव्हीवर यायच्या वेळी मला गच्चीवर तबक घेऊन उभं राहावं लागणार होतं. नाही म्हणावं तर मानपानाचा प्रश्न. मी तबक उचललं. ईनबाई पुन्हा सोफ्यावर जाऊन बसल्या.

वर श्रीधरराव ओल्या पोत्यावर अनवाणी उभे होते, डोक्यावर ओला पंचा, दोन्ही हातांत काठी. मी ओवाळलं. दिवा उन्हात दिसतच नव्हता, अंदाजाने ओवाळलं. आजोबांनी छत्री धरली तर खालून मंजूने कळवलं, गेलं. छत्री मिटली, आलं. जावयाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून डाव्या हातात तबक सांभाळून मी उजव्या हाताने त्यांना धोंडा भरवू लागले. शेजारच्या गच्चीवर पडलेल्या डिशा पाहायला चढलेली माणसं डिशा सोडून आमच्याकडे पाहायला लागली. एकाने मोबाइल काढला. नेट नव्हतं, ही देवाचीच कृपा.

तेवढ्यात जिन्यातून माझा आवाज आला. टीव्हीतला! गहू कसे निवडावे हे मी सांगत होते. काय शुद्ध बोलत होते! मग भिजवणं झालं, चीक झाला. माझा हात तसाच थांबला. श्रीधरराव तोंड उघडून दुसऱ्या घासाची वाट पाहत होते. मग ऐकू आलं, "आमच्या अकोल्याच्या विहीणबाईंच्या कुरडया..."

मला राहवलं नाही. ईनबाईंचा चेहरा पाहायचा होता. तबकासकट मी जिन्याकडे धावले.

खाली पोचले. पडद्यावर माझं चित्र गोठलं होतं. डिजिटलची ही आणखी एक खोड, मरतानाही सावकाश मरतं. माझं तोंड उघडं, डोळे मिटलेले, नाक वर चढलेलं. कडू काकडी चावलेल्या माणसाचा चेहरा दिसतो तसा. "विहीणबाईंच्या कुरडया" म्हणताना मी असा चेहरा केला होता! सगळ्यांनी तो मनसोक्त पाहून घेतला. मग निळा पडदा आला. (आजोबा नंतर म्हणाले, तुझ्या हातातलं तांब्याचं तबक हललं म्हणून गेलं. म्हणजे मीच.)

ईनबाई उठल्या. म्हणाल्या, "समजलं."

"अहो, पुढे चांगलं बोलले होते मी."

"मंग बोला ना. मी कुठं चालली?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मंजू जिन्यात, आजोबा तिच्या मागे, त्यांच्या मागे ओला पंचा डोक्यावर घेतलेले श्रीधरराव. एक साधं वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बऱ्या असतात तुमच्या कुरडया."

"तुमच्याबी बऱ्या असतात," ईनबाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. जाताना माझा कुरडयांचा डबा त्या आमच्या सोफ्यावरच विसरून गेल्या. ईनबाई काही विसरत नाहीत.

त्यानंतर अकोल्याहून फोन येईना. मंजूला विचारलं तर ती म्हणायची, "आई, त्या काही बोलत नाहीत. पण कुरडया तळताना तुझ्यासारखं तोंड करून दाखवतात." मी रात्रंदिवस त्या अर्ध्या वाक्याचा विचार करत बसायचे. माझं पोळ्यांचं तंत्र बिघडलं. आजोबांना चहात दोनदा मीठ मिळालं, त्यांनी एकदाच तक्रार केली.

अखेर कडुनिंबाची फांदी हटली, इंटरनेट आलं, आणि मंजूने कळवलं की वाहिनीने तो कार्यक्रम इंटरनेटवर ठेवला आहे. मी उभ्या उभ्या ठरवलं: अकोल्याला जायचं, ईनबाईंच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर तो लावायचा, आणि पूर्ण वाक्य त्यांना ऐकवायचं.

मंजू फोनवर म्हणाली, "आई, आधी एकदा तिथेच पाहून घे." मी म्हटलं, वाक्य माझं, तोंड माझं, त्यात पाहून घ्यायचं काय? पाहायचं तर ईनबाईंच्या शेजारी बसूनच.

आम्ही गेलो. ईनबाईंनी पाणी दिलं, पण चहाचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, "एक पाच मिनिटं द्या. मग तुम्ही म्हणाल ते." त्यांनी त्यांच्या दोन्ही जावांना आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंनाही बोलावून घेतलं. मला आनंदच झाला. म्हटलं, साक्षीदार असलेले बरे. श्रीधररावांनी टीव्ही लावला. मी आवाज मोठा करायला सांगितला.

गहू झाले, चीक झाला. मी ईनबाईंचा हात हातात घेतला. टीव्हीतली मी म्हणाली, "आमच्या अकोल्याच्या विहीणबाईंच्या कुरडया मी पाहिल्या आहेत." मी ईनबाईंकडे पाहून हसले. आणि पसाऱ्याचं वाक्य आलंच नाही. वेळ कमी पडला असेल, कुणीतरी तेवढाच तुकडा कापला होता. त्याच्या जागी भलत्याच ठिकाणी सांगितलेली माझी सूचना, माझ्याच शुद्ध, खणखणीत आवाजात ऐकू आली: "चीक कच्चा राहिला की अशी कुरडई फुलत नाही आणि दाताला चिकटते."

त्या दिवशी आमच्या अँटेनाने मला अगदी नेमक्या जागी वाचवलं होतं, मुलांनो. पुढचं मी स्वतः भाडं खर्चून अकोल्याला नेऊन दिलं. ईनबाईंनी हात सोडवून घेतला. श्रीधररावांनी घाईघाईने रिमोटवर काहीतरी दाबलं, ते नेमकं पुन्हा सुरुवातीपासून लागलं.

अकोल्याला नेट फार चांगलं आहे. एक शब्द अडला नाही.