काळी पट्टी

देवरीकडचा एक जण करंजाच्या बियांच्या तेलाचं डिझेल काढायचा. तळाशी उरलेलं चिकट, तपकिरी ग्लिसरीन त्याला नकोच असायचं. मला हवं होतं. त्याच्यावर इंधनघट चालवून वीज काढायची, एवढंच माझं संशोधन, आणि एवढ्यासाठी माझी हाडं झिजली! घटात धातूची पट्टी घालायची, तिच्यावरच्या उत्प्रेरकाच्या थरानं ग्लिसरीन फुटायचं आणि वीज निघायची. निघाली तर! नाहीतर त्या मेल्या पट्टीवर नुसता चिकटा बसायचा.

किती पट्ट्या फेकल्या, मग एक जमली. बोटभर निकेलवर पॅलेडियम या महागड्या धातूचा काळा थर, अगदी काजळीसारखा. तिच्यावर खेळण्यातला पंखा गरगर फिरला तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच नाचले. त्याच दिवशी पॅलेडियमची बाटली संपली. नवी कधी येणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरची समिती येणार होती. पंखा फिरला नाही तर तुझं काम बंद, असं सरांनी तोंडावर सांगितलेलं.

मधे सुट्टी, कॉलेजला कुलूप. पट्टी तिथं सोडून यायला जीव धजेना, म्हणून ती फुलचूरला घरी आणली आणि वाटीत घालून बुद्धमूर्तीच्या फळीवर ठेवली. तिथल्या वस्तूला आमच्या घरी उगाच कोणी हात लावत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मात्र लावतात. त्या फळीवरचं सगळं पितळ खाली उतरतं. दुपारी मी बाजारातून आले, तर माय मोरीपाशी चिंच आणि राख घेऊन बसलेली. मूर्ती, समई, अगरबत्तीचं घर, सगळं उन्हात वाळत होतं. शेजारीच माझी पट्टी, लख्ख!

"पाय वं, किती काळी पडली होती," माय म्हणाली. "तुयी बी घासून देल्ली. कशी चमकून राहिली आता!"

"माय, तो काळा थरच माझं काम होतं वं!" मी किंचाळले. "तेच गेलं. संपलं सगळं!"

तिचा हात राखेतच थांबला. मी तिथंच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. इतकी वर्षं एका काथ्याच्या घासणीनं नेली होती. कोणावर चिडू? चिडायलाही कोणी नव्हतं.

वर पाहिलं तर मायनं मोरीच्या तोंडाला फडकं कोंबलेलं. बोटांनी ती काळा गाळ वाटीत भरत होती.

"घे. इथंच असल ना ते? काऊन रडून राहिली? यातून काढता नाही येत काय तुले?"

नाही येत, माय. राखेत, चिंचेत, मोरीच्या पाण्यात गेलेलं मी आता कुठून आणि कशानं काढू? एवढं रसायनशास्त्र शिकलेली मी, त्या वाटीत नुसती घाण आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

आत वाहून गेलेलं काढायला तिनं फडकं काढून मोरीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. मी घरातून दुसरी वाटी आणली आणि तिच्या हाताखाली धरली.