गाडीपुढं सांगितलेला दोष

भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला की माझ्या दुकानात नव्यानं आलेलं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "काय झालं हो तिकडं?" काही झालेलं नसायचं. अण्णांना एखाद्या गाडीतला दोष सापडलेला असायचा, आणि सापडलेला दोष हळू आवाजात सांगणं त्यांना या जन्मात जमणारं नव्हतं. बोनेट उघडं ठेवून, मालकाला समोर उभा करून ते जाहीर सभेत बोलल्यासारखे बोलायचे. उद्यमनगरात माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळे या सगळ्या सभांचा मी फुकटचा श्रोता होतो.

त्यांना धुरीअण्णा हे नाव गल्लीनं दिलं. रंगाच्या एका रिकाम्या डब्यात त्यांनी डिझेल जीपचा ग्लो प्लग बसवला होता आणि त्यात लहान मुलांच्या मालिशचं तेल ओतायचे. प्लग तापला की तेलाचा पांढरा धूर व्हायचा. तो नळीनं इंजिनात सोडायचा आणि शांत उभं राहायचं. इंजिन जिथून चोरून हवा ओढत असेल तिथूनच धुराची रेघ बाहेर पडायची. "बाळंतिणीला देत्यात तशी गाडीला धुरी देतोय बघा म्हातारा," अशी लोक चेष्टा करायचे. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. ते मूळचे कुरुंदवाडचे, घरात निम्मं बोलणं कानडी. गॅरेजमध्ये मात्र सगळा व्यवहार मराठीत. फक्त धुराची रेघ दिसली की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "नोडरी, नोडरी!" म्हणजे बघा, बघा. त्या क्षणी त्यांचा चेहरा इतका खुलायचा, की सापडलंय ते बिघाड आहे हे कुणाच्या लक्षातच राहू नये.

आमच्या कोल्हापुरात गाडीचा नाद म्हणजे काय हे मी नव्यानं सांगायला नको. चांगली धावणारी गाडी घ्यायची, आणि मग ती कंपनीनं केली तशी ठेवायची नाही. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मनगट जाईल एवढा सायलेन्सर, आणि गाडीच्या संगणकात हवे तसे बदल. एवढं झालं की मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतोच. मग मालक घाबराघुबरा होऊन विचारतो ते एकच, दिवा कसा घालवायचा? घालवणारे पुष्कळ आहेत. कुणी तो पुसून देतो, तो चार दिवसांनी परत येतो. कुणी त्याहून हुशार असतो, तो संगणकातून दिव्याचा हुकूमच काढून टाकतो. मग इंजिन जळून गेलं तरी दिवा म्हणून लागत नाही आणि मालक सुखात असतो.

अण्णा अशा गिऱ्हाइकावर उखडायचे. "दिवा घालवायला मी काय वायरमन हाय व्हय? त्यो कशापायी लागलाय ते बघूया की. दिव्याचं तोंड दाबलं तर दिवा गप बसंल. पिस्टन बसंल का गप?"

दोष गाडीपुढंच सांगायचा हा त्यांचा नियम होता. मालकाला आत खुर्चीवर बसवून, चहा पाजून सांगणं त्यांना मंजूर नव्हतं. "माघारी सांगितल्याला दोष पोरीच्या सासरी गेल्याल्या बातमीगत वाढत जातोय," असं ते म्हणायचे. आणि दोष कुणाचा याला महत्त्व नसे. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं कुणाचं तरी ऐकून पेट्रोलच्या टाकीत भलतंच औषध ओतलं होतं, त्याला अण्णांनी त्याच्या मेव्हण्यासमोर झापलं. मी एकदा चुकीच्या मापाचा रबरी होज पाइप पाठवला, तर भिंतीपलीकडून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं माझं नाव घेतलं. मी चिडून त्यांच्याशी बोलणं टाकलं, तर स्वतःच दुकानात येऊन म्हणाले, "माप चुकलं एवढंच बोल्लो की. तू चुकलास असं म्हणलो काय?" 

तर आता आजऱ्याचा पावणा; अण्णा गिऱ्हाइकाला पावणंच म्हणायचे. त्याच्या घरचा काजूचा कारखाना, आणि त्याची गाडी म्हणजे साध्या घरगुती गाडीत शर्यतीच्या गाडीचा जीव भरलेली. इंटरकूलर अण्णांनीच बसवून दिला होता. काही महिन्यांनी पिवळा दिवा लागला. त्यानं तो दोन ठिकाणी पुसून घेतला, एका ठिकाणी सेन्सर बदलला. दिवा परत हजर. शेवटी तो अण्णांकडे आला, सोबत एक मित्र. मित्राच्या हातात मोबाईल, आणि तो आल्यापासून शूटिंगच करत होता.

अण्णांनी आधी यंत्र लावून कोड वाचला. हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, असं यंत्र सांगत होतं. टर्बोच्या गाडीत हे म्हणजे आगीशी खेळ. "असंच पळवलं असतंस तर पिस्टनाला भोक पडलं असतं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डबा तापत ठेवला. मी काउंटर सोडून बघायला गेलो, नेहमीसारखाच. धूर इंजिनात गेला. थोड्या वेळानं मागच्या अंगाला, हात कसाबसा पोचेल अशा जागी, एका बारीक रबरी पाइपातून रेघ उठली. "नोडरी," अण्णा सुरू झाले आणि मध्येच थांबले. त्यांनी बॅटरी मारून नीट पाहिलं. पाइपावर प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली होती. इंटरकूलर बसवताना पाइप हलू नये म्हणून त्यांनीच लावलेली.

दुसरा कुणीही असता तर पट्टी गुपचूप कापून खिशात घातली असती. पाइपच कच्चा होता म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? अण्णा सरळ झाले, हात पुसले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "चूक माझी हाय, पावणं. ही पट्टी मीच आवळल्याली. लई आवळली. पाइप चिरला, त्यातनं हवा आत जायला लागली, म्हणून तुमचा दिवा लागत हुता. आत्ता बदलून देतो, ह्याचं काय द्यायचं न्हाय."

त्यांनी पाइप बदलला. दिवा गेला, तो आजवर लागलेला नाही. पावणा हसत हसत गेला.

संध्याकाळपर्यंत रील गावभर झाली होती. त्यात धूर नव्हता, पाइप बदलणं नव्हतं, गेलेला दिवा नव्हता. होतं फक्त अण्णांचं तोंड आणि "चूक माझी हाय, पावणं", तेच ते पुन्हा पुन्हा, पाठीमागे हसण्याचा आवाज आणि वर अक्षरं, 'धुरीअण्णानं गाडी घालवली'. लोकांनी ती पाहिली, पुढं पाठवली आणि पोट धरून हसले. ज्यांच्या गाड्यांत अण्णांनी हात काळे केले होते, तेही हसले.

मी पावण्याला फोन लावून दिला आणि अण्णा स्वतः बोलले. पूर्ण व्हिडिओ टाक, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पावणा म्हणाला, "अण्णा, पूर्ण व्हिडिओ कोण बघतंय? आणि तुमची तर फुकट जाहिरात झाली की!" गाडी कशी चालतीय, असं अण्णांनी विचारलं. "गाडी एकदम झकास हाय, अण्णा." हे झकास मात्र त्यानं कुठं टाकलं नाही.

मग पोरं रस्त्यावरून जाताना ओरडायला लागली, "अण्णा, आज कुणाची चूक?" सुरुवातीला अण्णा हसून हात करायचे. हळूहळू गाड्या कमी झाल्या. दिवे पुसणाऱ्यांकडे रांगा आणि इथं अण्णा खुर्चीवर. जुनं गिऱ्हाईक असलेला कबनूरचा यंत्रमागवाला मला रस्त्यात भेटला तर म्हणाला, "माझा इश्वास हाय ओ, पण गाडी घालवल्याली त्यांनी कबूलच केलंय न्हवं?" मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. कबूल केलं म्हणूनच तर विश्वास ठेवायचा, एवढी साधी गोष्ट या गावाला का कळत नव्हती? अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. डबा घेऊन आल्या की त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांना म्हणायच्या, "एवढं मोठ्यानं बोलायची गरज काय हुती? तोंड मिटून काम करायला काय हुतंय?" अण्णा डबा उघडायचे. जेवायचे, हात धुवायचे, परत खुर्चीवर.

मी मेलेल्या माणसाबद्दल लिहितोय असं वाटत असेल, तर तसं नाही. अण्णा शेजारीच आहेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि गॅरेजपुढं आता पुन्हा गाड्या उभ्या असतात. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते अण्णा गेले. ते गेले तेव्हा मी तिथंच होतो.

तोच यंत्रमागवाला बऱ्याच महिन्यांनी परत आला होता. अण्णांनी पूर्वीच त्याच्या गाडीत टर्बोचे पाइप घातले होते, आणि आता दिवा लागला होता. पलीकडून धुरीचा डबा तापल्याचा वास आला. नोडरी ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं अण्णा माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर पडलेलं सेन्सरचं रिकामं खोकं त्यांनी उचललं.

"सेन्सर गेलाय व्हय, अण्णा?"

"न्हाय," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्याच हातनं पाइपाची क्लिप सैल राहिल्ती. बसवली नीट."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. मग ते खोकं घेऊन गेले. मी दुकानाच्या दारात आलो. ते गाडीपुढं उभे राहिले आणि जुन्या आवाजात ओरडले, "सेन्सर गेल्ता, पावणं! नवा घातलाय. कंपनीचा मालच कच्चा, त्याला आपण काय करणार?"

"तरी मी म्हणतच हुतो," यंत्रमागवाला खूश होऊन म्हणाला, "अण्णांच्या हातनं काय चुकायचं न्हाय!" त्यानं वाकून नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेला. मला अण्णांचा राग आला नाही. त्या वाकलेल्या पाठीचा आला, मोबाईल धरणाऱ्या त्या हाताचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अण्णांनी खोकं परत आणलं. मी ते कचऱ्यात टाकायला हात पुढं केला, तर त्यांनी ते सोडलं नाही. शर्टाच्या बाहीनं पुसून त्यांनी ते माझ्या फळीवर नीट उभं करून ठेवलं.

"असू दे की," ते म्हणाले. "लागंल परत."